योसेफ मासोपुस्त : लष्कराचा क्लब, कारखान्याचा संघ

योसेफ मासोपुस्त हा चेकोस्लोव्हाकियाच्या फुटबॉलमधला सर्वांत नावाजलेला मध्यरक्षक. 1962 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध पहिला गोल त्याने केला आणि त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ‘बालाँ द’ऑर’ हा मान त्याला मिळाला. फुटबॉलचा इतिहास चाळणाऱ्याला एवढी ओळख असतेच. पुढे सोळा वर्षांनी ब्रनो शहरातल्या एका कारखान्याच्या संघाला त्याने देशाचे विजेतेपद मिळवून दिले, ही गोष्ट मात्र चेक प्रदेशाबाहेर फारशी कुणी सांगत नाही. खेळाडू म्हणून तो ज्या क्लबाकडून जिंकत गेला, त्याच्या पाठीशी अख्खे लष्कर होते. प्रशिक्षक म्हणून त्याने जे मिळवले ते त्याच क्लबाला मागे टाकून. दोन्हींची तुलना करायची, तर दुसरे काम अधिक कठीण होते.

खाणीने गिळलेले गाव

मासोपुस्तचा जन्म 9 फेब्रुवारी 1931 चा, उत्तर बोहेमियातल्या मोस्त शहराजवळच्या स्त्रिमित्से या गावचा. घर खाणकामगाराचे. हा सारा टापू तपकिरी कोळशाचा. कोळसा फार खोल नसल्याने तिथे बोगदे खणण्यापेक्षा वरची जमीनच खरवडून काढली जाते, आणि जमिनीवर गाव असेल तर ते आधी उठवले जाते. स्त्रिमित्से असेच नकाशावरून पुसले गेले. पुढे जुन्या मोस्त शहराचीही तीच गत झाली. शहर पाडले, मात्र तिथले गॉथिक शैलीचे चर्च वाचवायचे ठरले. 1975 साली ते अख्खे चर्च रुळांवर चढवून 841 मीटर दूर सरकवण्यात आले. आज ते चर्च एका मोठ्या तलावाजवळ उभे आहे, आणि तो तलाव म्हणजे कोळसा संपल्यावर पाण्याने भरलेली खाण आहे.

मासोपुस्त सात वर्षांचा असताना, 1938 च्या म्युनिक करारानंतर, हा सीमाभाग हिटलरच्या जर्मनीत गेला. महायुद्ध संपले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. खाणपट्ट्यात करमणुकीची साधने बेताचीच. फुटबॉलला चेंडू आणि मोकळी जागा पुरत असे. मोस्तच्या स्थानिक संघातून तो 1950 मध्ये शेजारच्या टेप्लित्सेच्या क्लबात गेला आणि एकोणिसाव्या वर्षी पहिल्या श्रेणीच्या साखळीत खेळू लागला. दोन वर्षांनी लष्करी सेवेची वेळ आली आणि तिथेच त्याच्या कारकिर्दीची दिशा ठरली.

गणवेशातला क्लब

1948 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर चेकोस्लोव्हाकियात खेळाची सगळी घडीच बदलली. जुन्या क्लबांची नावे बदलली, ते कारखान्यांना, खाणींना, सरकारी खात्यांना जोडले गेले. लष्करानेही स्वतःचा क्लब काढला. त्याची नावे एकदोनदा बदलली आणि 1956 पासून तो ‘दुक्ला प्राग’ या नावाने ओळखला जाऊ लागला. 1944 मध्ये कार्पेथियन डोंगरातल्या ज्या दुक्ला खिंडीत जर्मनांशी घनघोर लढाई झाली, तिचे हे नाव.

या क्लबाची खरी ताकद सक्तीच्या लष्करी भरतीत होती. प्रत्येक तरुणाला दोन वर्षे लष्करात काढावी लागत. कुठल्याही गावचा, कुठल्याही क्लबाचा गुणी पोरगा वयात आला की त्याला बोलावणे येई, आणि त्यातले निवडक थेट फुटबॉलच्या मैदानावर रुजू होत. दोन वर्षांनी काही आपापल्या क्लबाकडे परतत. जे हवे असत त्यांना लष्करातच कायम नोकरी, हुद्दा आणि पगार मिळे. कागदोपत्री देशात सगळेच हौशी खेळाडू होते. प्रत्यक्षात दुक्लाचे खेळाडू सराव करण्याचाच पगार घेत. इतर क्लबांची भावना काय असेल हे वेगळे सांगायला नको: आपण वाढवलेले पोर दुसऱ्याने उचलून न्यायचे आणि त्याच्याच जोरावर आपल्याला हरवायचे. दुक्ला परगावी खेळायला गेला की शिट्ट्या आणि हुर्यो ठरलेली.

मासोपुस्त 1952 मध्ये या क्लबात आला आणि 1968 पर्यंत राहिला. या काळात दुक्लाने आठ वेळा साखळी जिंकली. 1961 ते 1964 अशी सलग चार वर्षे तर दुसऱ्या कुणाची डाळच शिजली नाही. एवढा जिंकणारा संघ, पण त्याला स्वतःचा असा मोठा चाहतावर्ग कधी मिळाला नाही. प्रागमध्ये माणूस स्पार्टाचा असतो किंवा स्लाव्हियाचा. ती निष्ठा घराण्यातून येते. लष्कराच्या क्लबाकडे गुणवत्ता होती, पण वस्ती नव्हती, गल्ली नव्हती. देइवित्से भागातले त्याचे यूलिस्का मैदान पाहिले की याची कल्पना येते. टेकडीच्या उतारावर एका बाजूला प्रेक्षकांची उंच, भलीमोठी गॅलरी, मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आणि समोर मोकळे आकाश व शहर. चारही बाजूंनी अंगावर येणारा आवाज इथे तयारच होऊ शकत नाही.

याच क्लबामुळे मासोपुस्तला सीमेपलीकडचे जग मात्र दिसले. सामान्य नागरिकाला पश्चिमेकडचा व्हिसा दुर्मीळ असताना दुक्लाचा संघ न्यूयॉर्कच्या उन्हाळी स्पर्धांना जात असे. 1961 मध्ये तिथल्या इंटरनॅशनल सॉकर लीगच्या निर्णायक लढतीत त्यांनी इंग्लंडच्या एव्हर्टनला 7-2 आणि 2-0 असे दोनदा हरवले. कम्युनिस्ट देशाचा लष्करी संघ भर शीतयुद्धात अमेरिकेत जाऊन चषक उचलतो, हा प्रसंग दोन्हीकडच्या प्रचारखात्यांना अडचणीचाच असणार.

डावा हाफ

मासोपुस्तची जागा ‘डाव्या हाफ’ची. आजच्या भाषेत डावीकडचा मध्यरक्षक. त्या काळच्या प्रचलित रचनेत मागे तीन बचावपटू, त्यांच्या पुढे दोन हाफ, त्यांच्या पुढे दोन इनसाइड फॉरवर्ड आणि सर्वांत पुढे तिघे असत. दोन्ही हाफनी मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या इनसाइड फॉरवर्डवर नजर ठेवायची, चेंडू हिसकावायचा आणि पुढच्याच्या हवाली करायचा, अशी कामाची वाटणी. दुक्लात आणि राष्ट्रीय संघात ही वाटणी वेगळ्या रीतीने बसली. उजवा हाफ स्वातोप्लुक प्लुस्काल उंच, दणकट आणि मागे थांबणारा. तो पाठ सांभाळत असल्याने मासोपुस्तला पुढे जायची मोकळीक मिळाली. डाव्या बगलेचा बचावपटू लादिस्लाव नोवाकही दुक्लाचाच. हे तिघे वर्षानुवर्षे एकत्र खेळत होते, त्यामुळे कोण कधी जागा सोडणार आणि ती कोण भरणार, याची चर्चा मैदानावर करावी लागत नसे.

मासोपुस्तचा वेग लांब पल्ल्याचा नव्हता. त्याची करामत पहिल्या दोन-तीन पावलांत होती. चेंडू पायाशी घट्ट ठेवून तो सावकाश पुढे येई, प्रतिस्पर्धी अंगावर येईपर्यंत थांबे, खांद्याची हूल देई आणि समोरच्याचे वजन एका पायावर गेले की दुसऱ्या बाजूने एकदम सुटे. तोवर पुढचा बचावपटू आडवा आलेला असे, त्याच्याशीही तेच. बर्फावरून खांबांमधून वळणे घेत घसरणाऱ्या स्कीपटूचा हा नागमोडी मार्ग, म्हणून चेक वार्ताहरांनी या चालीला ‘मासोपुस्तचा स्लालोम’ म्हणायला सुरुवात केली. दोन माणसे अशी चुकवली की प्रतिस्पर्ध्याची मधली फळी फुटते आणि बचावपटूंपुढे पेच उभा राहतो: चेंडूवाल्याकडे धावावे की आपापला माणूस धरून राहावे? मध्यरक्षकाने ड्रिब्लिंग का करावे, याचे उत्तर या पेचात आहे. निव्वळ कौतुकासाठी केलेले ड्रिब्लिंग त्याच्या खेळात फार नव्हते.

चिली, 1962

राष्ट्रीय संघात तो 1954 मध्ये आला. 1958 च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाने अर्जेंटिनाचा 6-1 असा फडशा पाडला, पण उत्तर आयर्लंडशी झालेल्या जादा लढतीत हरून संघ गटातच गारद झाला. 1960 मध्ये पहिल्यावहिल्या युरोपीय स्पर्धेत फ्रान्सला हरवून तिसरा क्रमांक मिळाला. चिलीला जाताना मात्र या संघाकडून कुणाच्या मोठ्या अपेक्षा नव्हत्या. गटात ब्राझील आणि स्पेन होते.

स्पेनवर 1-0 असा विजय मिळाल्यानंतर 2 जूनला विन्या देल मार इथे ब्राझीलशी गाठ पडली. पहिल्या अर्ध्या तासातच पेलेने लांबून फटका मारला आणि त्याच्या जांघेचा स्नायू दुखावला. तेव्हा बदली खेळाडूचा नियम नव्हता. जायबंदी खेळाडूने मैदानाबाहेर जायचे आणि संघाने दहा जणांत खेळायचे, नाहीतर त्याने लंगडत का होईना आत थांबायचे. पेले कडेला उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे आला की त्याच्यावर तुटून पडणे नियमात बसत होते, आणि त्या काळच्या फुटबॉलची रांगडी रीतही तीच होती. मासोपुस्त, यान पोप्लुहार आणि यान लाला यांनी ते केले नाही. ते पुढ्यात येऊन थांबत, पेलेला चेंडू दुसऱ्याकडे देऊ देत आणि मग पुढे सरकत. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. पेलेने ही गोष्ट नंतर अनेकदा कृतज्ञतेने सांगितली. चेक संघाला त्या दिवशी एक गुण हवा होता हे खरे, पण गुणासाठी जखमी माणसाला सोडून देण्याची गरज नव्हती.

मेक्सिकोकडून 1-3 अशी हार पत्करूनही संघ पुढे गेला. उपांत्यपूर्व सामन्यात हंगेरीविरुद्ध आडोल्फ शेरेरचा एकच गोल आणि बाकी सगळा वेळ गोलरक्षक विलियम श्रोइफची झुंज. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाला 3-1 असे हरवले. ब्राझील आणि यजमान चिली यांचा उपांत्य सामना त्याच दिवशी सांतियागोत होता. सारा देश तिकडे लोटला, आणि विश्वचषकाचा हा उपांत्य सामना पाहायला जेमतेम सहा हजार माणसे हजर होती.

17 जूनचा अंतिम सामना सांतियागोला. पंधराव्या मिनिटाला शेरेरने ब्राझीलच्या बचावपटूंमधल्या फटीतून लांब पास सोडला. मधल्या फळीतून धावत आलेला मासोपुस्त त्या पासपर्यंत पोहोचला आणि त्याने पुढे सरसावलेल्या गोलरक्षक गिल्मारला चुकवून चेंडू जाळ्यात धाडला. या गोलात पासइतकेच महत्त्व धावेला आहे. आघाडीच्या खेळाडूंवर ब्राझीलचे लक्ष होते. मागून सुटलेल्या सहा नंबरच्या खेळाडूला धरायची जबाबदारी नेमकी कुणाची, हे ठरायच्या आत काम झाले होते. आघाडी दोनच मिनिटे टिकली. पेलेच्या जागी आलेल्या अमारिल्दोने बरोबरी साधली, उत्तरार्धात झितोने दुसरा गोल केला, आणि तिसऱ्या वेळी श्रोइफला उन्हाने दगा दिला. दिपलेल्या डोळ्यांनी पकडायला गेलेला उंच चेंडू त्याच्या हातून निसटला आणि वावाने तो आत ढकलला. 3-1. ज्या गोलरक्षकामुळे संघ इथवर आला, त्याच्याच चुकीवर शेवट व्हावा, हा खेळाचा निष्ठुरपणा.

ट्रामने घरी

त्या वर्षीच्या ‘बालाँ द’ऑर’साठी ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने युरोपातल्या क्रीडापत्रकारांची मते मागवली, तेव्हा मासोपुस्तला 65 गुण मिळाले आणि पोर्तुगालच्या युसेबियोला 53. हा मान तेव्हा फक्त युरोपीय खेळाडूंसाठी होता, त्यामुळे ब्राझीलचे गारिंचा किंवा पेले शर्यतीत नव्हतेच. पूर्व युरोपातल्या समाजवादी देशांच्या गटातून तो मिळवणारा मासोपुस्त पहिला. सोहळा वगैरे काही नव्हता. दुक्ला आणि बेन्फिका यांच्यातल्या युरोपियन कपच्या सामन्याआधी सोनेरी चेंडू त्याच्या हाती देण्यात आला, प्रतिस्पर्धी संघातल्या युसेबियोने हस्तांदोलन केले. सामना संपल्यावर चषक पिशवीत घालून तो ट्रामने घरी गेला. हा किस्सा तो पुढे स्वतःच सांगत असे. त्याच्या सांगण्यात तक्रारीचा सूर नसे. आपल्या देशात वैयक्तिक बक्षिसाला किती किंमत होती, एवढेच त्यातून कळे.

पश्चिमेकडच्या क्लबात जाऊन पैसा कमावणे त्याच्या हातात नव्हते. परदेशी करार ही सरकारच्या मर्जीची बाब, आणि ती मर्जी ऐन भरात असलेल्या खेळाडूवर, त्यातून लष्करी खेळाडूवर, होत नसे. 1966 मध्ये त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला: 63 सामने, 10 गोल. क्लबासाठी तो खेळतच राहिला. 1967 मध्ये दुक्लाने आयाक्सला हरवून युरोपियन कपची उपांत्य फेरी गाठली, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. त्या फेरीत सेल्टिकने ग्लासगोत 3-1 अशी बाजी मारली, प्रागमध्ये गोलशून्य बरोबरी राखली आणि पुढे तो चषकच जिंकला.

1968 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, परवानगी मिळाली. ब्रुसेल्समधल्या क्रॉसिंग मोलेनबेक या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत गेला. संघ पहिल्या श्रेणीत चढला. पायातली ताकद ओसरत असताना दुसऱ्यांकडून खेळ करून घ्यायची उमेदवारी त्याने इथे केली.

बंदुका, ट्रॅक्टर आणि फुटबॉल

मायदेशी परतल्यावर 1973 ते 1976 अशी तीन वर्षे तो दुक्लाचा प्रशिक्षक होता. विजेतेपद मिळाले नाही. 1976 मध्ये तो मोराव्हियातल्या ब्रनोला गेला, झ्ब्रोयोव्का या क्लबात.

झ्ब्रोयोव्का म्हणजे शस्त्रांचा कारखाना. भारतीय लष्कराने अनेक दशके वापरलेली ब्रेन गन मुळात याच कारखान्याच्या मशीनगनवरून घडवलेली. युद्धानंतर तिथे ट्रॅक्टरही बनू लागले. तेच पुढचे झेटर, आणि झेटरच्याच सहकार्याने 1970 च्या दशकात एचएमटीचे ट्रॅक्टर भारतातल्या शेतांत आले. अशा कारखान्याच्या क्लबात खेळाडूचे नाव कारखान्याच्या पगारपत्रकावर असे. पैसा बरा, पण सक्तीच्या भरतीचे हत्यार इथे नव्हते. उलट ब्रनोचाच एखादा चांगला पोरगा लष्करी सेवेसाठी दुक्लात जाण्याची धास्ती कायमची. संघ बांधायचा तो आसपासच्या मोराव्हियन गावांतल्या मुलांमधून, आणि त्यांना टिकवून ठेवायचे.

मासोपुस्तच्या हाती आयता मिळालेला मोठा मोहरा म्हणजे आघाडीचा कारेल क्रोउपा, 1977 चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. त्याच्याभोवती कारेल यारूशेक, पेत्र यानेच्का, यिंद्रजिख स्वोबोदा यांची फळी, मागे रोस्तिस्लाव वात्स्लाविचेक. 1977-78 च्या हंगामात क्रोउपाने 20 गोल करून साखळीतल्या गोल करणाऱ्यांत पहिला क्रमांक पटकावला आणि झ्ब्रोयोव्काने विजेतेपद. दुसऱ्या क्रमांकावर होता दुक्ला. आदल्या वर्षीचा विजेता दुक्ला, पुढल्या वर्षीचाही दुक्लाच. या दोन वर्षांच्या मधोमध मासोपुस्तने आपल्याच जुन्या क्लबाची वाट अडवली. ज्या यंत्रणेने त्याला सोळा वर्षे जिंकवले, तिच्या बाहेर राहून तिला हरवता येते, हे दाखवायला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नसता.

ब्रनोचे लुझान्की मैदान हे यूलिस्काच्या अगदी उलट. चौफेर उतरत्या मातीच्या भरावावर उभ्याने सामना पाहणाऱ्यांच्या रांगा, आणि मोठ्या सामन्यांना हजारोंची गर्दी. इथे संघाला शहर होते. विजेतेपदानंतर युरोपियन कपमध्ये ब्रनोने हंगेरीच्या उयपेश्तला बाहेर काढले. पुढे पोलंडच्या विस्वा क्राकोवशी एकूण बरोबरी होऊनही परक्या मैदानावरच्या गोलांच्या हिशेबात संघ हरला. 1979-80 मध्ये उएफा कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तो चषक जिंकणाऱ्या आइन्त्राख्त फ्रांकफुर्टपुढे माघार घ्यावी लागली. देशाच्या साखळीत त्या हंगामात दुसरा क्रमांक. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा पूर्व जर्मनीविरुद्धचा एकमेव गोल ब्रनोच्या स्वोबोदाचा होता. हा क्लब पुन्हा कधी विजेता झाला नाही. 2001 नंतर लुझान्की मैदान ओस पडून त्यावर झाडेझुडपे माजली. 2015 च्या जूनमध्ये एका जुन्या खेळाडूच्या निरोपाच्या सामन्यासाठी चाहत्यांनीच ते साफ केले आणि एका संध्याकाळपुरते ते पुन्हा भरले.

राष्ट्रीय संघाची खुर्ची

काही काळ बेल्जियमच्या हासेल्ट क्लबात काढून मासोपुस्त 1984 मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. 1976 मध्ये युरोप जिंकणारी पिढी तोवर निवृत्त झाली होती. 1986 च्या विश्वचषकासाठी गट मिळाला तो पश्चिम जर्मनी, पोर्तुगाल, स्वीडन आणि माल्टा यांचा. 1985 च्या एप्रिलमध्ये संघाने आधी माल्टाशी गोलशून्य बरोबरी केली आणि महिनाअखेरीस प्रागमध्ये पश्चिम जर्मनीकडून 1-5 असा मार खाल्ला. शरद ऋतूत पोर्तुगाल आणि स्वीडन या दोघांनाही हरवून संघाने काही लाज राखली, पण गाडी केव्हाच सुटली होती. स्वीडनवरच्या त्या विजयाचा फायदा शेवटी पोर्तुगालला झाला. 1988 च्या युरोपीय स्पर्धेचे तिकीटही गटातून डेन्मार्कने नेले, आणि 1987 मध्ये त्याची कारकीर्द संपली.

क्लबाचा प्रशिक्षक रोज मैदानावर असतो. सवयी लावायला त्याला महिने मिळतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षातून मोजके दिवस मिळतात. ब्रनोतले यश पहिल्या प्रकारच्या कामाचे होते, आणि मासोपुस्तची स्वतःची जडणघडणही वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या माणसांमधली होती. नोवाक-प्लुस्काल-मासोपुस्तसारखी जोडणी चार दिवसांच्या शिबिरात होत नाही.

नंतरची वर्षे

राष्ट्रीय संघानंतर त्याने काही काळ इंडोनेशियात प्रशिक्षणाचे काम केले. 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि तिच्याबरोबर दुक्लाचा आधारही गेला. 1994 मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरला, 1996 मध्ये प्रिब्रामच्या क्लबात विलीन झाला. खालच्या श्रेणीतून नव्याने उभा राहिलेला दुक्ला 2011 मध्ये पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. या वेळी खेळाडूंना सक्तीने आणण्याची सोय नव्हती.

मासोपुस्तच्या वाट्याला मान उशिरा, पण भरभरून आले. 2003 मध्ये उएफाच्या सुवर्णमहोत्सवात चेक संघटनेने गेल्या पन्नास वर्षांतला आपला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड केली. त्याच वर्षीचा ‘बालाँ द’ऑर’ पावेल नेद्वेदला मिळाला. मासोपुस्तनंतर हा मान मिळवणारा पहिला चेक खेळाडू तोच. 2004 मध्ये पेलेने फिफासाठी हयात असलेल्या थोर खेळाडूंची जी यादी केली, तीत मासोपुस्तचे नाव होते. 2012 मध्ये यूलिस्का मैदानावर त्याचा पुतळा बसवण्यात आला, तो हयात असतानाच. 29 जून 2015 रोजी प्रागमध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले.